तिकडचा संसार

आमच्या वहिनींचे संसार दोन होते. एक कुंभिवलीत, पेंढ्याने शाकारलेल्या तीन खणांच्या घरात. त्यात वहिनी, एक म्हैस, आणि ओसरीवरच्या खोलीत भाड्याने राहणारा मी. दुसरा संसार तिकडे. तिकडच्या घरावर कौले होती. तिकडे नवरा होता, सासू होती, दोन मुलगे आणि एक मुलगी होती. वहिनी दोन्ही संसार सारख्याच नेटाने करीत आणि दोन्हींविषयी सारख्याच आवाजात बोलत, त्यामुळे नव्या माणसाची पहिल्या दिवशी हमखास फसगत होई.

माझीही झाली. कुंभिवलीच्या शाळेवर मास्तर म्हणून नेमणूक झाली तेव्हा मी पंचविशीच्या आतला होतो. आदल्या वर्षी बाळंतपणात माझी बायको आणि मूल दोन्ही गेली होती, आणि अलिबागच्या आमच्या घरातून कुठेतरी लांब जायला मिळाले याचेच मला बरे वाटत होते. खोली बघायला गेलो तर चाळिशीच्या जवळ आलेली, काटक अंगाची, कपाळभर कुंकू लावलेली बाई अंगणात शेणसडा करीत होती.

"जागा हाय मास्तर," ती म्हणाली, "पन पोरांचा कालवा सोसंल का तुमाला? थोरला लई दांडगा हाय. काल आजीच्या अंगावर धावून गेला."

मुलांची मला सवयच आहे, असे म्हणून मी सामान आणले. दिवेलागण झाली तरी एकही मूल दिसेना. शेवटी मी विचारले, "मुलं कुठं गेली?"

"हितं कुठली पोरं?" वहिनी म्हणाल्या. "ती तिकडं."

बोलताना त्यांनी हात कुठल्याच दिशेला केला नाही. गावात त्यांना पाठीमागे 'तिकडची' म्हणत, हे मला दोन दिवसांनी कळले. मी वहिनी म्हणू लागलो, कारण शेजारी राहणारा त्यांचा धाकटा दीर धोंडू त्यांना वयनी म्हणे.

धोंडूनेच मला सगळे सांगितले. "मनावर घेऊ नका मास्तर. बाई कामाला वाघ हाय, डोकं तेवढं येका जागी थांबलंय." त्याचा थोरला भाऊ राघू लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी घाटात आगगाडीच्या बोगद्यांच्या कामावर गेला. तिथल्या छावणीत पटकीची साथ आली. माणसे इतकी मेली, की कोण कुठला हे विचारायलाही कोणी उरले नाही. राघूला उलट्या होताना बरोबरीच्या एका माणसाने पाहिले होते. पुढचे कोणी पाहिले नाही. तीच साथ खाली गावात उतरली आणि त्यात धोंडूची आईही गेली. घाटातले काम संपले, गाडी पुण्यापर्यंत जाऊ लागली, गेलेले लोक परत आले; राघू आला नाही. याला वीसेक वर्षे झाली होती.

वहिनींनी बांगड्या फोडल्या नव्हत्या. भावकीने आधी समजुतीने सांगितले, मग दटावून. लोधिवलीचा एक बिजवर, चांगला कष्टाळू माणूस, पाट लावायला तयार होता. त्यालाही नाही म्हणून झाले. मी कुंभिवलीत आल्याच्या दुसऱ्या वर्षी भावकी पुन्हा एकदा बसली. चावडीपुढे वडाखाली मंडळी जमली होती, आणि शाळा समोरच असल्यामुळे मला सगळे ऐकू येत होते.

"मानूस मेला गं," भावकीतला सगळ्यांत म्हातारा गृहस्थ म्हणाला. "बांगड्या फोड, नायतर पाट लाव. मदीच काय लोंबकळतीस?"

"मेला तर कोनी जाळला, कोनी पुरला? येक नाव सांगा."

म्हाताऱ्याने काठीने मातीत रेघ ओढली.

"मंग हाय," वहिनी म्हणाल्या.

"आगं, कुठं हाय?"

"तिकडं हाय." आणि म्हशीच्या धारेची वेळ झाली म्हणून त्या उठून गेल्या.

हे 'तिकडे' त्यांनी आणले कुठून, ते मला पुढे कळले. श्रावणात पनवेलकडचे एक पुराणिकबुवा शंकराच्या देवळात पोथी सांगायला येत. राघू गेल्यानंतरच्या कुठल्याशा श्रावणात ते बोलता बोलता म्हणाले, की ब्रह्मांड काही एकच नाही, उंबराच्या झाडाला उंबरे लागावीत तशी ब्रह्मांडे लगडली आहेत. एकेका फळात चिलटे जन्मतात, आपले उंबर हेच सगळे जग असे समजून मरतात. शेजारच्या फांदीवर दुसरे उंबर आहे हे त्यांना कुठून ठाऊक असणार? बायका हात जोडून घरी गेल्या. वहिनी मागे थांबल्या आणि त्यांनी विचारले, "बुवा, दुसऱ्या उंबरात आमची कुंभिवली आसंल का?"

बुवांना पुढच्या गावी पोचायची घाई होती. "असेल की बाई. अनंत आहेत म्हटल्यावर काय नसेल?"

बुवा शिधा बांधून निघून गेले. वहिनी ते वाक्य घरी घेऊन आल्या आणि त्यांनी त्यात घर मांडले. एका उंबरात राघू पटकीने पडला असेल, पण दुसऱ्यात उठला असेल. उठला असेल तर घाट उतरून घरी आला असेल. आला असेल तर पोरे झाली असतील. यात त्यांना नवल असे काहीच वाटत नव्हते.

मी शाळेत भूगोल शिकवीत असे. तेव्हा याबाबतीत आपण काहीतरी बोलले पाहिजे, असे मला वाटले. एकदा वहिनी अंगणात वरी कांडत होत्या. मी म्हणालो, "शनी, गुरू असे ग्रह आहेत वहिनी. तिथं माणसं आहेत की नाहीत, हे अजून साहेबलोकांनाही कळलेलं नाही."

"गिरह नकोत मला. कुंभिवलीच पायजे. दुसरी."

"तशी दुसरी कोणी पाहिलेली नाही."

"नाय आसं कोनी पायलंय?" मुसळ न थांबवता त्या म्हणाल्या.

मी खोलीत जाऊन पाटी-पेन्सिली आवरू लागलो.

तिकडची खबर वहिनी रोज संध्याकाळी सांगत. मी ओसरीवर माझा भात शिजवीत असे. त्यांच्या हातचे शिजलेले मी खायचे नाही, अशी तेव्हाची रीत होती, आणि त्यांनाही ती तशीच मान्य होती. त्या उंबऱ्याशी बसून मला शेवग्याच्या शेंगा नाहीतर वाटीभर ताक देत, आणि बोलत. तिकडे धाकट्याला गोवर आला. तिकडे पेरणीआधी शेतात राब भाजताना वारा फिरला आणि शेजारच्याची पेंढ्याची गंजी पेटली. तिकडे सासू अजून हिंडतीफिरती आहे, पण जीभ सुटलेली. एक गोष्ट मला लवकर ध्यानात आली: तिकडे सगळे गोड नव्हते. नवरा दारू पिऊ लागला होता. एकदा त्याने हात उगारला, त्या दिवशी वहिनी इकडे दिवसभर गप्प होत्या.

मी म्हणालो, "तिकडचं तुम्हीच सांगता, मग जरा सुखाचं का नाही सांगत?"

त्यांना राग आला. "मी काय मनाचं सांगते व्हय? जसं हाय तसं सांगते. तिकडं बी सुख नाय मास्तर. पन सांजच्याला घरात मानसं आसत्यात. कोन खोकतंय, कोन भांडतंय. हितं ऐका बरं." त्या थांबल्या. आम्ही दोघांनी ऐकले. गोठ्यात म्हैस रवंथ करीत होती, आणि लांब घाटात चढावर लागलेल्या गाडीचा दम टाकल्यासारखा आवाज येत होता. दुसरे काही नव्हते.

एकदा मात्र त्यांनी मला दुखावले. दिवा लावता लावता त्या सहज म्हणाल्या, "मास्तर, तिकडं तुमच्या खोलीत बाई हाय. कडंवर मूल हाय तिच्या."

मी उठून आत गेलो आणि दार लावून घेतले. पुढे कितीतरी दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. त्यांनीही बोलायचा आग्रह केला नाही. शेवटी एका सकाळी दाराशी मेथीची जुडी ठेवून त्या बाहेरूनच म्हणाल्या, "परत नाय सांगनार." मी ती जुडी निवडायला घेतली. निवडता निवडता कितीदा तरी माझ्या ओठांवर आले, की ते मूल मुलगा होता की मुलगी, एवढे तरी सांगा. विचारले मात्र नाही.

अशी चार-पाच वर्षे गेली असतील. गावातला काळू नावाचा तरणा मुलगा आगगाडीच्या लायनीवर कामाला लागला होता, आणि त्याची टोळी थळघाटाखाली कसाऱ्याला असे. शिमग्याला तो घरी आला तो सरळ शाळेत माझ्याकडे आला. मुले गेल्यावर त्याने दार लोटले.

"मास्तर, राघू हाय."

"कोण राघू?"

"आपल्या तिकडचीचा नवरा. कसाऱ्याला मुकादम हाय. मी जलमलो नव्हतो तवा त्यो गेला, पन त्वांड बगितलं आन् हबकलोच. धोंडूकाकाचंच त्वांड. नाव राघू. लोकं म्हनत्यात कर्जत-खालापूरकडचा हाय."

"तू त्याच्याशी बोललास?"

"जीभ उचलंना मास्तर. बायकापोरं हायत त्याची." तो घाबरलेला दिसत होता. "तिला तुमी सांगा. माझ्यानं व्हनार नाय."

मी दोन दिवस घालवले. मग एका दुपारी वहिनी गोवऱ्या रचत असताना सांगून टाकले. त्यांनी हातातली गोवरी रचली, वरची एक सारखी केली.

"तिकडं?" त्यांनी विचारले.

"तिकडे नाही वहिनी. इथंच. कसाऱ्याला. गाडीने जाता येतं."

त्या खाली बसल्या. शेणाचे हात त्यांनी तसेच मांडीवर ठेवले. मग म्हणाल्या, "मला दावा. धोंडूभावजींना सांगू नका."

दिराला माहेरी जाते असे सांगून त्या निघाल्या. मी कर्जतच्या स्टेशनावर त्यांना गाठले. जन्मभर घाटातला धूर पाहिलेली बाई, पण गाडीत बसायची ही पहिलीच वेळ. त्या बायकांच्या डब्यात बसल्या, मी पुढच्यात. कल्याणला गाडी बदलली. कसाऱ्याला उतरलो तेव्हा उन्हे चढली होती. वहिनी फलाटावर उभ्या राहिल्या आणि चहूकडे पाहू लागल्या. समोर तसाच काळा डोंगर, घाट चढण्यासाठी मागून जोडायला तयार असलेले तसेच जादा इंजिन, तशीच पाण्याची टाकी, तशीच टोपल्या घेतलेली कातकरी माणसे.

"मास्तर, ह्ये कर्जतच हाय की," त्या हळूच म्हणाल्या. "दुसरं."

काळूने खूण सांगितली होती. टाकीच्या मागे मुकादमाची खोपी, दारात जांभळाचे झाड. वहिनींनी पदर कपाळाच्या खाली, पार नाकापर्यंत ओढून घेतला. "मी बोलनार नाय," त्या म्हणाल्या. "आवाज वळखंल."

जांभळाखाली एक माणूस सुतळीचा पीळ घालीत बसला होता. केस पांढरे, अंगाने सुकलेला, पण काळू म्हणाला ते खरे होते, धोंडूच तिथे बसला आहे असे वाटले. मी पाणी मागितले. त्याने आत हाक मारली, आणि एक ठसठशीत बाई तांब्या घेऊन आली. तिच्या मागून एकामागे एक चार मुली बाहेर आल्या आणि आमच्याकडे बघत उभ्या राहिल्या.

"कुठल्या गावचं?" त्याने विचारले.

"खालापूरकडचे. नाशिकला देवाला चाललो आहोत."

सुतळी वळणारे हात थांबले. "खालापूर," तो म्हणाला. "माझं पयलं घर तिकडंच. कुंभिवली."

'तिकडं' हा शब्द त्याच्या तोंडून ऐकला आणि मला वहिनींकडे बघण्याचा धीर झाला नाही.

"आता कोण आहे तिथं?" मी विचारले.

"कोन नाय. पटकीत समदी गेली. आई, भाऊ, बायकू. मी खंडाळ्याच्या छावनीत पडलो व्हतो. बरा झालो तवा तिकडून आलेल्या येका गाडीवानानं सांगितलं, की बाबा, तुझ्या घरात चूल पेटवायला मानूस ऱ्हायलं नाय."

"मग तू बघून नाही आलास?"

"घाटाच्या तोंडापातूर गेलतो. खाली गाव दिसत व्हतं." त्याने हातातला पीळ उलगडला. "मोकळं घर काय बगायचं? तसाच माघारी फिरलो. मंग तिथलं काम सपलं, टोळी हिकडं आली, मी बी आलो."

त्याची बायको दाराला टेकून ऐकत होती. ती माझ्याकडे नाही, वहिनींकडे पाहून बोलू लागली. बायका बायकांशी बोलतात तशी. "लई जीव व्हता ह्यांचा तिच्यावर. पितरपाटातल्या नवमीला तिच्या नावानं सवाष्न जेवाया घालतो आमी. पोरी तिला थोरली आई म्हनत्यात." तिने पदराआडून गळ्यातला दोरा बाहेर ओढला. दुसरेपणावर आलेल्या बायका मेलेल्या सवतीच्या नावाने चांदीचा एवढासा टाक गळ्यात बांधतात, तसा टाक होता. त्यावर ठोकून काढलेली बाईची आकृती, नाकडोळे झिजून गेलेले. "ही ती," ती म्हणाली.

वहिनींनी हात पुढे केला. दोन बोटांत तो टाक धरला आणि पदराखालून कितीतरी वेळ पाहिला. मग सोडला.

"बाई बोलत नाय?" राघूने विचारले.

"मौन आहे त्यांचं," मी म्हणालो. "नवस आहे."

आम्ही उठलो तशी ती बाई लगबगीने आत गेली आणि कुंकवाचा करंडा घेऊन आली. "सवाष्न दारात आली, तशी कशी जाऊ देऊ?" तिने पदर थोडा वर सारला आणि कुंकू लावले. वहिनींचे डोळे मिटलेले होते. राघू मान खाली घालून पुन्हा सुतळीला पीळ घालू लागला होता.

परतीच्या गाडीला वेळ होता. कल्याणला झाडाखाली बसलो तेव्हा वहिनींनी फडके सोडले आणि भाकरी माझ्यापुढे धरली. दोघांनाही रीत आठवली नाही. मी खाल्ली. खाऊन झाल्यावर मला राहवेना. मी म्हणालो, "एक शब्द बोलला असता तर? तुमचा हक्क होता, वहिनी. त्याने मुद्दाम टाकलेलं नव्हतं तुम्हाला."

"मी तिथं मेलेय, मास्तर. लई मानानं मेलेय. नवमीला पान ठेवत्यात." त्यांचा आवाज अगदी नेहमीचा होता. "मेलेल्या बाईनं उठून दारात उभं ऱ्हायचं, मंग त्या बाईनं गळ्यातलं काय करायचं? चार पोरी हायत तिला."

"आणि तुम्ही?"

"पोरी दिसाया बऱ्या हायत," त्या म्हणाल्या. "धाकलीचं नाक सासूवर गेलंय."

कुंभिवलीला आल्यावर त्यांनी मला आणि काळूला कोणाला न सांगण्याची शपथ घातली, आणि आम्ही दोघांनी ती पाळली. बाहेरून काही बदलले नाही. कुंकू होते, बांगड्या होत्या, भावकीचे टोमणे होते. आता एका शब्दात त्या सगळ्यांची तोंडे बंद करू शकल्या असत्या, केली नाहीत. बदलले ते एकच. त्या दिवसापासून त्यांनी तिकडचे नाव काढले नाही. आधी मला वाटले, धक्का बसला आहे, चार दिवसांत बोलतील. पावसाळा गेला, भात झोडून झाले, तरी नाही. संध्याकाळी त्या उंबऱ्याशी येऊन बसत, ताकाची वाटी देत, आणि आम्ही दोघे अंधार पडेपर्यंत तसेच बसून राहत असू.

एकदा मीच विचारले. माझा मलाच तो प्रश्न विचित्र वाटला. "तिकडे काय चाललंय, वहिनी?"

"तिकडं ऱ्हायलं नाय काय," त्या म्हणाल्या. "जवर कळलं नव्हतं, तवर समदीकडं व्हता तो. आता येकाच जागी हाय."

मग मला त्या घराची खरी शांतता कळली. इतकी वर्षे मी त्या घरात म्हणजे एका भरल्या कुटुंबाच्या शेजाराला राहत होतो. दांडगा थोरला, गोवरातून उठलेला धाकटा, भांडकुदळ म्हातारी, सगळी एका दुपारी कसाऱ्याच्या जांभळाखाली नाहीशी झाली होती, आणि त्यांच्यासाठी रडायचे म्हटले तर कोणाला सांगून रडणार?

पुढे तीन-चार वर्षांनी माझी बदली पेणला झाली. हुकूम हातात होता, सामान बांधायला घेतले होते, आणि काळू आला. राघू तापाने गेला होता. खांदा आपणच दिला, असे काळू म्हणाला. सांगून तो लगेच कामावर परत गेला.

मी वहिनींना सांगितले तशा त्या उठल्या. पाताळगंगेवर गेल्या, लुगड्यासकट डोहात बुडी मारली, आणि काठावरच्या दगडावर दोन्ही हातांच्या बांगड्या फोडून ओलेत्यानेच घरी आल्या. कपाळ पुसलेले होते. गावाला नवल वाटले. भावकीतला तो म्हातारा अजून होता; तो काठी टेकत अंगणात आला आणि म्हणाला, "बरं झालं पोरी. लई वरसांनी का व्हईना, डोस्कं ठिकानावर आलं." धोंडूच्या डोळ्यांत पाणी आले. भावाच्या मरणाचे दुःख आपले कधीच करून झाले, असे त्याला वाटत होते. वहिनी सगळ्यांना हो हो म्हणत राहिल्या.

नवव्या दिवशी त्या माझ्या दाराशी आल्या. "तिथं पोरीच हायत, मास्तर. पुतन्या नाय, भाऊ नाय. कोन पान ठेवनार? हितं कोनाला सांगाया नको. तुमी जाल का?"

मी कुठल्या जातीचा, तो कुठल्या जातीचा, माझा त्याचा संबंध काय, हे काही माझ्या मनात आले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी शिजवून दिलेला भात पळसाच्या पानात बांधून मी नदीच्या वरच्या अंगाला गेलो. तिकडे गावचे कोणी येत नसे. येत होते ते मंत्र म्हटले. पिंड करून दगडावर ठेवला.

मी हात जोडायच्या आत कावळा उतरला आणि त्याने पिंडाला चोच मारली. मग दुसरा आला, तिसरा आला. क्षणात पान रिकामे झाले. मेलेल्याचे मागे काही अडलेले नसले की असे होते, म्हणतात. त्या माणसाचे खरोखरच काही अडलेले नव्हते. त्याच्या चार पोरी, बायको, सुतळी, जांभूळ, सगळे जागच्या जागी होते. जिच्यात जीव अडकायचा, तिला त्याने फार पूर्वीच पोचवले होते.

मी घरी आलो. वहिनी उंबऱ्यात बसल्या होत्या. मोकळे हात त्यांनी पदराखाली घेतले होते.

"शिवला?"

"शिवला."

"लगीच?"

मी पाय धुवायला तांब्या उचलला होता, तो खाली ठेवला. "नाही," मी म्हणालो. "फार वेळ लागला. फांदीवर बसून राहिला, खालीच येईना. मग मी तुमचं नाव घेतलं. म्हटलं, तिचं मी बघेन, काळजी करू नकोस. तेव्हा उतरला."

वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या.

"कंचं नाव घेतलंत? हितलं, का म्हायेरचं? तो मला म्हायेरच्या नावानं हाका मारायचा."

"दोन्ही घेतली," मी म्हणालो.

त्यांचे माहेरचे नाव मला ठाऊक नव्हते. इतक्या वर्षांत कधी विचारले नव्हते, कधी निघाले नव्हते. आणि मला ते ठाऊक नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

"बरं केलंत," त्या म्हणाल्या, आणि मी त्यांना ओळखू लागल्यापासून पहिल्यांदाच, तोंडाशी पदर न घेता, मोकळ्या आवाजात रडू लागल्या.